मोर्सची पत्रे आणि तारयंत्राची दंतकथा

प्रश्न : सॅम्युअल मोर्स हा अमेरिकन तरुण चित्रकला शिकण्यासाठी लंडनला गेला असता घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन प्रेयसीला पत्रे लिहीत असे, त्यांतील एक पत्र पोहोचण्यापूर्वीच ती वारली आणि त्या दुःखातून त्याने तारयंत्र शोधले, असे वाचनात आले. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगावी का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : या स्वरूपात सांगू नये. तिच्यातील धागे खरे आहेत. मात्र ते एकमेकांपासून बरीच वर्षे दूर असलेल्या प्रसंगांतले आहेत आणि कोणीतरी त्यांची सोयीस्कर गाठ मारली आहे.

येल महाविद्यालयातून पदवी घेतलेला मोर्स १८११ च्या उन्हाळ्यात चित्रकार वॉशिंग्टन ऑलस्टन यांच्यासोबत इंग्लंडला गेला आणि १८१५ पर्यंत तेथे शिकला. त्याची त्या काळातील प्रसिद्ध पत्रे आईवडिलांना लिहिलेली आहेत. पुढे त्याची पत्नी झालेली लुक्रेशिया वॉकर तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती आणि दोघांची ओळख झाली ती मोर्स मायदेशी परतल्यानंतर, १८१६ मध्ये, न्यू हॅम्पशरमधील काँकर्ड येथे. विवाह १८१८ चा. म्हणजे लंडनहून तिला पत्रे लिहिण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हुकलेल्या पत्राचा प्रसंग मात्र खरा आहे आणि दंतकथेपेक्षा अधिक हृदयद्रावक आहे. १८२५ च्या फेब्रुवारीत मोर्स सेनानी लाफाएत यांचे व्यक्तिचित्र रंगविण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये होता. न्यू हेवन येथे ७ फेब्रुवारीला, तिसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर काही आठवड्यांतच, लुक्रेशिया वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारली. त्याची काहीच कल्पना नसल्याने मोर्सने १० तारखेला तिला पत्र लिहिले आणि तिच्या पत्राची आपण वाट पाहत असल्याचे कळविले. वडिलांचे पत्र त्याच्या हाती पडले ते त्यानंतर, आणि तो घरी पोहोचेपर्यंत तिचे दफनही होऊन गेले होते. पुढे तार आली म्हणजे उघडण्यापूर्वीच घरोघरी काळजाचा ठोका चुकत असे; येथे तर तीही नव्हती.

तथापि या दुःखातून थेट तारयंत्र निघाले असे म्हणता येत नाही. त्यानंतर साडेसात वर्षांहून अधिक काळ मोर्स चित्रकारच राहिला. १८२६ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन’ स्थापन करण्यात त्याने पुढाकार घेतला आणि नंतर तो पुन्हा युरोपात गेला. १८३२ मध्ये ‘सली’ या जहाजाने परतत असताना चार्ल्स जॅक्सन या सहप्रवाशाशी विद्युतचुंबकाविषयी बोलणे झाले व त्यातून त्याला तारयंत्राची कल्पना सुचली. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर हा सुप्रसिद्ध संदेश गेला २४ मे १८४४ रोजी, तोही आल्फ्रेड व्हेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने.

घरच्या आठवणीचा आणि तारयंत्राचा संबंध दाखवायचाच असेल, तर १८११ च्या ऑगस्टमधील पत्र घ्यावे. लंडनला पोहोचताच वीस वर्षांच्या या मुलाने आईवडिलांना लिहिले, की आई आता नाना अपघातांच्या शंका घेत बसली असेल आणि आपण सुखरूप असल्याचे क्षणात कळविता आले असते तर बरे झाले असते. पण तीन हजार मैल क्षणात ओलांडता येत नाहीत, चार आठवडे थांबावेच लागेल. या पत्रातही तारयंत्राची ओढ दिसते, अशी नोंद पुढे खुद्द मोर्सनेच त्या पत्रावर केली आहे.