एकाच गावात एक महिना: वाहाकाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही दोघांनी मेक्सिकोतल्या वाहाका शहरात महिनाभर राहून आल्याचं छोटं टिपण दिलं होतं. 2024 च्या ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही तिथे होतो, शोचिमिल्को नावाच्या जुन्या मोहल्ल्यात एका बाईंच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेऊन. त्यावर धुळे, चोपडा, नंदुरबार, शहादा सगळीकडून प्रश्न आले. सगळे छापता येत नाहीत, पण जे बऱ्याच जणांनी विचारले ते घेतले आहेत.

ताई, महिनाभर एकाच शहरात काय केलंत? आम्ही 9 दिवसांत 4 देश बघून आलो. कंटाळा नाही का आला? (वाचक, धुळे)

दादा, पहिले चार-पाच दिवस आम्हीपण तसेच पळत होतो. सांतो दोमिंगोचं चर्च बघितलं, मोन्ते आल्बानचा डोंगर झाला, तूले गावातलं ते प्रचंड झाड बघून झालं, ज्याच्या बुंध्याचा घेर 42 मीटरच्या आसपास आहे आणि आपल्या वडासारखं पारंब्यांनी पसरलेलं नाही, ते एकच खोड आहे. पाचव्या दिवशी यादी संपली. मग सहाव्या दिवशी सकाळी आम्ही नुसते ओट्यावर बसलो आणि खरं सांगते, राहणं तिथून सुरू झालं.

आमचे हे भुसावळला रेल्वेत होते, सगळी नोकरी यार्डातच गेली. एक दिवस संध्याकाळी गल्लीत वाफेच्या इंजिनची शिट्टी ऐकू आली आणि हे चप्पल न घालताच बाहेर पळाले. तर तो रताळी आणि केळी भाजून विकणारा होता, हातगाडीवर लाकडाची भट्टी आणि त्याची वाफ नळीतून सोडली की अगदी जुन्या इंजिनसारखी लांब शिट्टी वाजते, गल्लीतल्या बायका तेवढ्यावरून ओळखतात की गाडी आली. भाजलेल्या केळ्यावर गोड घट्ट दूध टाकून देतात. जळगाव जिल्ह्यातली माणसं आम्ही, केळीचं काय काय खाल्लंय, पण असं केळं कधी खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे शिट्टीच्या आधीच कोपऱ्यावर उभे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो माणूस यांच्यासाठी जास्त पिकलेलं केळं बाजूला काढून ठेवायला लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी अर्धा अर्धा तास भट्टीपाशी उभे राहून वाफेबद्दल बोलायचे, हातवारे करून. हे 9 दिवसांत नाही होत हो.

आणि बाजार! आपल्याकडे कसा प्रत्येक गावाचा आठवडे बाजार ठरलेला असतो, तसंच तिथे अगदी. बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. आजूबाजूच्या खेड्यांतून बायका टोपल्या घेऊन येतात, मिरच्यांचे ढीग, मातीची भांडी, कोंबड्या, टर्की, दोरखंड, सगळं. आम्ही कॅलेंडरवर वारच तसे लिहून ठेवले होते. दोन-तीन आठवडे गेल्यावर एकाच जागी बसणारी मिरचीवाली ओळखायला लागली की मग ती सांगते, ही मिरची कशासाठी, ती कशासाठी, कुठली नुसती रंगाला आणि कुठली धुरावर वाळवलेली.

मोन्ते आल्बानचंही तसंच झालं. पहिल्यांदा गेलो तेव्हा ऊन, दगड, पायऱ्या, फोटो, बस. डोंगराचा माथा कापून सपाट केलाय आणि इ.स.पू. 500 च्या सुमारास झापोतेक या तिथल्या मूळ लोकांनी तिथे शहर वसवलं, एवढं कळलं. नंतर दोन आठवड्यांनी सांतो दोमिंगोच्या शेजारच्या म्युझियममध्ये मोन्ते आल्बानच्या 7 नंबरच्या थडग्यातल्या वस्तू बघितल्या, 1932 मध्ये पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासो यांना सापडलेल्या, सोनं, पिरोजा, हाडांवरचं इतकं बारीक कोरीवकाम की भिंग हवं. मग परत वर गेलो. आता ते नुसते दगड नव्हते, कोणाचं तरी गाव होतं.

तिथे शाकाहारी माणसाचं कसं होतं? माझे मिस्टर माळकरी आहेत. (वाचक भगिनी, चोपडा)

ताई, आमचे हेही माळकरीच, म्हणून हे सविस्तर लिहिते कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

वाहाकात त्लायुदा नावाचा प्रकार मिळतो, मक्याची ताटाएवढी पातळ, कडक भाकरी, वर काळ्या घेवड्याची चटणीसारखी पेस्ट, दोरीसारखं गुंडाळलेलं ताजं चीज, कोबी, अ‍ॅव्होकाडो. आम्ही ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको असं सांगायला शिकून गेलो होतो, गल्लीतल्या एका बाईंकडे तसं सांगितलं, त्यांनी मांस घातलं नाही, आम्ही मजेत खाल्लं. तीन दिवसांनी कळलं की भाकरीवर सगळ्यात आधी जो तपकिरी थर लावतात तो डुकराच्या चरबीचा असतो, ‘आसिएंतो’ म्हणतात. तिथे ते तेल-तुपासारखं, त्याला कोणी मांस समजत नाही. यांनी त्या दिवशी काही खाल्लं नाही, रात्री बराच वेळ हरिपाठ म्हणत बसले होते. मला फार अपराधी वाटलं कारण भाषेचं काम माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मी यांना आणि घरमालकीण बाईंना घेऊन त्या त्लायुदावाल्या बाईंकडे गेले, भांडायला नाही, समजून घ्यायला. त्यांनी सगळं ऐकलं, यांच्या गळ्यातली माळ हातात न घेता नुसती लांबून बघितली आणि त्यानंतर आम्ही गेलो की त्या आमच्या भाकऱ्या दुसऱ्या छोट्या तव्यावर वेगळ्या करायच्या. मग आम्हीही जिथे खायचं तिथे आधी विचारायचं हा नियमच केला. तर लक्षात ठेवा: ‘सिन आसिएंतो’, ‘सिन मांतेका’ (मांतेका म्हणजे चरबी) हे दोन शब्द पाठ करूनच जा. घेवड्यातही बऱ्याच ठिकाणी मांतेका असते. भात साधा दिसला तरी कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. मोले नावाचा त्यांचा प्रसिद्ध रस्सा, सुक्या मिरच्या, तीळ, मसाले, काळ्या मोलेत चॉकलेटसुद्धा, आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शाची आठवण येते इतकं भाजून वाटून करतात, पण तोही बहुतेक कोंबडीच्या पाण्यातच. म्हणून स्वयंपाकघर असलेलंच घर घ्या. बाजारात वांगी, टोमॅटो, भोपळ्याची फुलं, चवळी-माठासारख्या रानभाज्या सगळं मिळतं. मी तिथे भरीतही केलं, वांगं वेगळं असल्यामुळे आपल्या बामणोदच्या वांग्याची चव आली नाही पण घरमालकीण बाईंनी दोनदा मागून घेतलं. आणि बाजारात लाल लाल तिखट लावलेले टोळ ढिगाने विकायला असतात, बघून दचकू नका, त्यांचं ते जुनं खाणं आहे.

प्यायला मात्र मोठ्या 20 लिटरच्या बाटलीचंच पाणी. नळाला तिथे रोज पाणी येत नाही, काही दिवसांनी येतं, मग जमिनीखालच्या टाकीत साठवायचं, गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, कमी पडलं तर टँकर. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इंग्रजी चालतं का? (वाचक, भुसावळ)

हॉटेलात चालतं, गल्लीत नाही. आम्ही निघण्याआधी तीन महिने मोबाईलवर रोज अर्धा तास स्पॅनिश केलं. शब्द कमी आले तरी चालतं पण नमस्कार चुकवू नका. दुकानात शिरल्यावर आधी ‘बुएनोस दियास’, मग काय हवं ते. खानावळीत उठताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांना ‘बुएन प्रोवेचो’ म्हणतात, म्हणजे सावकाश होऊ द्या. हे म्हटलं की चेहरे बदलतात.

अजून एक सांगायचं आहे. घरमालकीण बाईंच्या आई तेओतित्लान देल व्हाये या विणकरांच्या गावच्या, तिथे झापोतेक भाषा बोलतात. त्या गावात निवडुंगावरच्या किड्यांपासून लाल रंग काढून लोकर रंगवतात, तो रंग एकेकाळी चांदीच्या खालोखाल स्पेनला जायचा. तर त्या म्हाताऱ्या आजी लेकीशी झापोतेक बोलायच्या, नातवाशी स्पॅनिश, आणि नातू आजीचं ऐकून स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचा. माझं माहेर अमळनेरकडचं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि मी स्वतः 30 वर्षं मास्तरीण म्हणून पोरांना ‘शुद्ध बोल’ म्हणत आले. त्या ओसरीवर बसून मला ते सगळं आठवलं. बेनितो हुआरेस हे झापोतेक घरातले, 1806 चा जन्म, 12-13 वर्षांचे असताना डोंगरातल्या गेलाताओ गावाहून चालत वाहाकाला आले तेव्हा त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, पुढे वकील झाले, राज्याचे गव्हर्नर आणि मग मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले. शहराचं पूर्ण नावच वाहाका दे हुआरेस आहे. आता मी नातवंडांशी फोनवर अहिराणीतच बोलते.

व्हिसा, खर्च, घर कसं शोधलं? (बरेच वाचक)

आमच्याकडे मुलामुळे अमेरिकेचा व्हिसा होता. तो चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, 180 दिवसांपर्यंत राहू देतात, पण तिकीट काढण्याआधी दूतावासाचा त्या वेळचा नियम बघूनच घ्या. पेसो तेव्हा साधारण सव्वाचार रुपयांना होता. शहर दीड हजार मीटरच्या वर आहे, कळसूबाईपेक्षा थोडंच कमी, म्हणून सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो. रस्ते दगडी आहेत, गुडघे दुखत असतील तर चांगले बूट घ्या.

घराबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. शहराच्या मध्यभागातली कितीतरी घरं आता फक्त पर्यटकांना देतात, त्यामुळे भाडी इतकी वाढली आहेत की तिथली माणसं बाहेर फेकली जातात, लोकांनी त्याविरुद्ध मोर्चेही काढलेत. म्हणून मालक जिथे स्वतः राहतो अशा घरातली खोली घ्या. थोडी गैरसोय होते, मोरी शेअर करावी लागते, पण आपल्यामुळे कोणाचं बिऱ्हाड उठत नाही, आणि आम्हाला जे मिळालं ते सगळं त्या घरामुळेच मिळालं.

त्यांचा मेलेल्यांचा सण तुम्ही बघितला का? फोटोत कवट्या बघून भीती वाटते. (वाचक भगिनी, नंदुरबार)

भीती नाही वाटत हो ताई, उलट. आपली आखाजी (अक्षय्य तृतीया) आठवा. आपण घागर भरतो, वर डांगर (खरबूज) ठेवतो, पितरांच्या नावाने घास टाकतो. तसंच आहे ते.

ऑक्टोबर संपत आला की सगळं शहर झेंडूने भरतं. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, तिकडे सेंपासुचिल म्हणतात, आणि आपल्या दसऱ्याचं तोरण त्याच्याशिवाय होत नाही! घरात टेबलावर पायऱ्या करून देव्हारा मांडतात, त्यावर उसाची कमान, अगदी आपल्या तुळशीच्या लग्नासारखी. गेलेल्यांचे फोटो, त्यांना आवडायचं ते खाणं, खास पाव, चॉकलेट, कोपालचा धूप, मेणबत्त्या. आणि एक ग्लास पाणी, कारण लांबून चालत आलेल्याला तहान लागलेली असते. हे घरमालकीण बाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमची आखाजीची घागर उभी राहिली, आई हेच म्हणायची, उन्हाचं येतात, पाणी हवं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं होतं, म्हणजे बरोबर त्यांच्या सणाच्या दिवशी. मी खोलीत दोन पणत्या लावल्या, तिकडे मिळाल्या त्या मातीच्या वाट्या. बाईंनी ते बघितलं आणि विचारलं, तुझं कोण गेलंय? मी मोबाईलमधला आईचा फोटो दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, नातवाला पाठवून त्याची प्रिंट काढून आणली आणि स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवली. मग विचारलं, तिला काय आवडायचं? मी म्हटलं, चहा. त्या घरात चहा कोणी पीत नाही. तरी त्यांनी कुठून तरी चहापत्ती आणली आणि मी केलेला कप तिथे ठेवला. रात्री सगळे स्मशानात गेलो, लोक कबरी झेंडूने सजवून शेजारी घोंगड्या टाकून बसलेले, कोणी गिटार वाजवतंय, पोरं झोपलीत, म्हाताऱ्या गप्पा मारतायत. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नव्हते. त्या रात्री मी तिच्याशी भरपूर बोलले, अहिराणीत.

यंदा आखाजीला आम्ही बाईंच्या नवऱ्याच्या नावानेही घास टाकला आणि त्यांना फोटो पाठवला.

तिथली मक्याची भाकरी आपल्या मक्याची होईल का? (वाचक, शहादा)

होईल, आम्ही केली. त्यांची युक्ती चुन्यात आहे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, त्याने साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, आणि जिथे गरीब लोक मक्यावरच जगत होते तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला.

1 किलो वाळलेला मका (पांढरा मिळाला तर उत्तम, बियाण्याचा औषध लावलेला अजिबात नको), 3 लिटर पाणी, 10 ग्रॅम खायचा चुना. स्टीलचं पातेलं घ्या, अ‍ॅल्युमिनियम नको. पाऊण तास उकळा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी चोळून चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा. तिथे प्रत्येक मोहल्ल्यात ओल्या मक्याची गिरणी असते, बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या असतात, आपल्या गिरणीवाल्याने मात्र ओलं दळायला नाही म्हटलं म्हणून मी पाट्यावर वाटलं. त्यांच्याकडेही पाटाच, फक्त तीन पायांचा. गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून पातळ करा. तवा मातीचा असेल तर त्याला आधी चुन्याचं पाणी फासा, म्हणजे चिकटत नाही. मी आमच्या मांडे भाजायच्या मातीच्या खापरावर केली. पहिल्या दोन उचलताना फाटल्या, पीठ जास्त सैल झालं होतं, थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं. तिसरी फुगली.