बॉल पायथनचं जेवण राहू द्या, आधी श्वास बघा

तुम्ही लिहिलंय की तुमच्या बॉल पायथन जातीच्या, म्हणजे पाळीव अजगराच्या, अडीच वर्षांच्या मादीनं सहा आठवडे उंदीर घेतलेला नाही, वजन १,२४० ग्रॅमवरून १,१६५ वर आलंय, चार दिवसांपासून नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय आणि काल तोंडाच्या कडेला एक बुडबुडा दिसला. प्रश्न मात्र विचारलात जेवणाचा: जबरदस्तीनं भरवू का? नका भरवू. न खाणं ही यातली सर्वांत किरकोळ गोष्ट आहे.

बॉल पायथन हिवाळ्यात दोन-तीन महिने तोंड फिरवून बसतात. अंगानं धडधाकट मोठी मादी असेल तर मी महिनाभर लक्षही देत नाही, फक्त दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून वजन करते. तुमची घट सहा टक्के आहे. दहाच्या पुढे गेली असती तर नुसत्या वजनावरूनही मी तिला डॉक्टरांकडे न्या म्हटलं असतं. पण बुडबुडा ही वेगळीच बाब आहे, ते श्वसनमार्गाच्या संसर्गाचं लक्षण आहे. सापाला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. आत साठलेलं तसंच राहतं आणि फुप्फुसापर्यंत उतरतं.

आता शिट्टीबद्दल, कारण इथेच मी स्वतः फसले होते. कात टाकायच्या आधी नाकपुडीत सुटलेली कातडी अडकली तरी असाच आवाज येतो. माझ्या पहिल्या नराचा आवाज ऐकून मी 'कात येतेय' म्हणत तीन आठवडे काढले. डोळे दुधाळ झाले नव्हते, पोट गुलाबी दिसत नव्हतं, तरी मी तेच धरून बसले. एका दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, "थंड रक्ताचा प्राणी आहे, त्याला काय थंडी वाजणार!" शेवटी तो डोकं वर धरून तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, तेव्हा सापांवर काम केलेल्या डॉक्टरांचा शोध घेतला. तपासणीसाठी स्वॅब (कापसाच्या बोळ्यानं घेतलेला नमुना), दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, दीड महिना. वाचला, पण त्यात माझं श्रेय शून्य. तेव्हा फरक एवढाच लक्षात ठेवा: कातीचा आवाज कात पडली की जातो आणि त्यात ओलावा नसतो. बुडबुडा, चिकट लाळेची तार, सारखं वर धरलेलं डोकं यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही.

या आजाराचं कारण तुम्हीच पत्रात लिहून ठेवलंय, बहुतेक नकळत. दिवाळीच्या रंगकामात टँक मागच्या खोलीत हलवला आणि तो तिथेच राहिला. इंदूरची डिसेंबर-जानेवारीतली पहाट आठवा, आपण दुलईतून पाय बाहेर काढत नाही. तुमचा तापमापक वरच्या काचेला चिकटवलेला आहे, तो ३० दाखवतो म्हणून तुम्ही निश्चिंत. साप वरच्या काचेला राहत नाही हो, जमिनीवर राहतो. वायरच्या टोकाला तापमान मोजणारा प्रोब असलेला तापमापक घ्या आणि तो प्रोब जमिनीवर ठेवा, गरम बाजूला आणि थंड बाजूला. गरम बाजू ३२ आणि थंड बाजूही २६ च्या खाली नको, रात्रीसुद्धा. टँक गरम ठेवणाऱ्या मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला ती आपोआप बंद करणारं यंत्र, हवाच. साप भाजतो तरी जागा सोडत नाही, पोटाला फोड आल्यावर कळतं. थंडी आणि ओल एकत्र आली की हा आजार हमखास बळावतो, म्हणून ऊब नीट होईपर्यंत पाणी फवारू नका आणि कोमट पाण्यात बसवूही नका. ऊब हे औषध नाही, पण तिच्याशिवाय सापाची प्रतिकारशक्ती चालत नाही आणि अँटिबायोटिकही नीट काम करत नाही.

आजींनी हळदीचं दूध सुचवलंय. आमच्याकडेही नागपंचमीला पाटावर नाग काढून दूध ठेवतात, ते पाटापुरतंच ठीक. सापाच्या श्वासनळीचं तोंड जिभेजवळ अगदी पुढे असतं, ड्रॉपरनं घातलेलं काहीही सरळ तिथे जातं. घरातली माणसांची अँटिबायोटिकही नको. आणि गार पडलेल्या सापाच्या पोटात कोंबलेला उंदीर पचण्याऐवजी सडतो, मग उलटी होते आणि अशक्तपणा दुप्पट.

डॉक्टरांना आधी फोन करून स्पष्ट विचारा, "साप बघता का?" शहरात कोणी नाही म्हणालं तर इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. नेताना उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारायची, अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात, डब्याला बाहेरून टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. या थंडीत स्कूटरवर नेऊ नका, रिक्षासुद्धा पडदे लावलेली बघा. निघण्याआधी श्वासाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात नेमकी ती गप्प राहील. शेवटची कात आणि विष्ठा असेल तर पिशवीत घ्या. इंजेक्शन द्यायचं ठरलं तर ते शरीराच्या पुढच्या अर्ध्यात देतात, मागे दिलेलं औषध मूत्रपिंडाकडे आधी जाऊ शकतं. अनुभवी डॉक्टरांना हे सांगावं लागत नाही, पण नवखे असतील तर नम्रपणे विचारा.

घरी ओठांच्या कडेला पनीरच्या चुऱ्यासारखा पू, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके म्हणजे माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे), एवढं पाहून ठेवा. तोंड मात्र स्वतः उघडू नका. ठिपके दिसलेच तर झुरळांचा स्प्रे चुकूनही मारू नका.

कागदांची भीती वाटत असेल तर तेही बोलून टाकते, कारण त्या भीतीपायी लोक दवाखाना टाळतात. धामण असो की अजगर, देशी साप पकडून घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. बॉल पायथन आफ्रिकेतला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते. नोंद नसेल तर करायला घ्या, पण त्यासाठी उपचार अडवून ठेवू नका.

आज रात्री प्रोब जमिनीवर ठेवा, पहाटे पाचला उठून आकडा बघा आणि उद्या डॉक्टरांना तोच आधी सांगा.