ज्युडो युरोपात कसा पोहोचला? ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी आपले शिष्य तिकडे पाठवले होते का?

ज्युडो शिकायला लागलो तेव्हा माझीही हीच समजूत होती. प्रत्यक्षात लंडनला आधी पोहोचलं ते ज्युजुत्सू, म्हणजे ज्या जुन्या जपानी झुंजकलेतून कानोंनी ज्युडो घडवला ती, आणि तेही एका इंग्रज इंजिनिअरच्या खटपटीमुळे. एडवर्ड बार्टन-राइट काही वर्षं जपानमध्ये राहून १८९८ च्या सुमारास मायदेशी परतले आणि त्यांनी सोहो भागात क्लब काढला. तिथे शिकवायला १९०० मध्ये जपानहून युकिओ तानी आले. वय जेमतेम एकोणीस, अंगकाठी लहान.

क्लब १९०२ मध्ये बंद पडला. मग तानींनी पोटासाठी नाट्यगृहांची रंगमंचं गाठली. तिथे ते येईल त्याला आव्हान देत. जो ठरलेली मिनिटं टिकेल त्याला पैसे. अट एकच, समोरच्याने जाडसर जॅकेट घालायचं. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकल्यावरच खरी लढत सुरू व्हायची: गळा आवळणं, कोपराचा सांधा ताणणं, समोरच्याने हार मानेपर्यंत. धिप्पाड गडी या छोट्या माणसापुढे हरताना लोकांनी पाहिले आणि ज्युजुत्सूचं वेड लागलं. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनाही एडिथ गॅरड यांनी हेच डाव शिकवले. बर्लिनमध्ये एरिख रान यांनी १९०६ मध्ये शाळा काढली.

कानोंचा ज्युडो यात अजून कुठेच नव्हता, जरी त्यांची ज्युडोची शाळा, कोदोकान, १८८२ पासून टोकियोत चालू होती. गुंजी कोइझुमी यांनी १९१८ मध्ये लंडनला बुडोक्वाई ही संस्था काढली आणि तानी तिचे मुख्य शिक्षक झाले. तिथेही सुरुवातीला ज्युजुत्सूच शिकवत. १९२० मध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने युरोपात आलेले कानो तिथे गेले आणि कोइझुमी व तानी दोघांनी ज्युडो स्वीकारला. दोघांनाही दुसरी ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्यातली दुसरी पायरी, मिळाली.

मला हाच प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. वर्षानुवर्षं रंगमंचावर भल्याभल्यांना लोळवलेल्या माणसाने दुसऱ्याची पद्धत मान्य करायची आणि तिच्यात दुसऱ्या पायरीवर उभं राहायचं! पुढे १९३७ मध्ये तानींना पक्षाघात झाला. तरीही ते बुडोक्वाईत येत, मॅटच्या कडेला बसून पोरांना शिकवत.