स्थानिक विकास आणि प्रकल्प व्यवस्थापन शिकायचं तर परदेशी जावं की नाशिकमध्येच सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय की बी.कॉम. झालंय, घर नाशिकरोडला आहे, स्थानिक विकास आणि प्रकल्प व्यवस्थापन यात पुढचं शिक्षण घ्यायचंय; परदेशी जावं की इथेच, आणि प्रवेशाआधी हाताशी असलेल्या वर्षात काय करावं?

माझं मत स्पष्ट आहे: आधी इथे. प्रकल्प मांडायचे तक्ते जगात कुठेही शिकता येतात. पण आपल्याकडचे प्रकल्प अडतात ते मंजुरी, पाऊस आणि मजूर यांच्या वेळापत्रकात, आणि ते गावात गेल्याशिवाय कळत नाही.

पहिलं काम म्हणजे दोन ग्रामपंचायती निवडा. एक सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातली, दुसरी सिन्नर किंवा येवल्याकडची. पहिलीकडे धो धो पाऊस पडतो, पण उतार आणि खालचा कठीण कातळ यामुळे पाणी वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. दुसरीकडे मुळात पाऊसच कमी. टंचाई दोन्हीकडे आहे, कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दोन्ही गावांचे आराखडे आणि खर्च पाहता येतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आराखडा वाचताना निधीची अट शेजारी ठेवा. केंद्राकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता. त्यामुळे आराखड्यात गटारांची कामं भरपूर दिसतात. नवखा विद्यार्थी त्यावरून ‘गावाची मुख्य गरज गटार’ असा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात ती निधीच्या अटीची सावली असते. गावाची गरज शोधायची तर ग्रामसभेच्या आधीची महिला सभा आणि वॉर्ड सभा यांची इतिवृत्तं मागा. खुद्द ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यापैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. हजेरीवहीवरच्या सह्या आणि प्रत्यक्ष बसलेली माणसं यांचा मेळ बसतो का, तेही पाहा.

मग एकच काम धरा आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे राहा. नळपाणी योजना सगळ्यात उत्तम, कारण तिच्यात सगळं येतं. समजा लोकसंख्या १,२०० आहे. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे रोज ६६,००० लिटर. आता विहिरीची क्षमता कधी मोजली ते विचारा. डिसेंबरात मोजली असेल तर आकडा छानच येणार. मे महिन्यात तीच विहीर तासाला ५,००० लिटर देत असेल आणि पंप ८ तास चालत असेल, तर मिळतात ४०,०००. टाकी, पाइप, नळ सगळं नवं कोरं असूनही रोज २६,००० लिटरची तूट. अशा योजना बहुतेकदा बांधकामात बिघडत नाहीत, उद्भवाच्या, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोताच्या, मोजणीत बिघडतात.

दुसरी खोट देखभालीत असते. समजा वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचं मानधन, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि दुरुस्ती मिळून महिन्याला १८,००० रुपये लागतात आणि कुटुंबं २४० आहेत. घरटी ७५ रुपये पाणीपट्टी पुरेल असं कागदावर दिसतं. ६० टक्केच कुटुंबांनी भरली तर हाच आकडा १२५ होतो. तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात. हे गणित मांडणारा माणूस गावाला हवाच आहे. याला कमी लेखू नका.

कागदांचा क्रम पाठ करा: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला. प्रत्येकावरची तारीख एका तक्त्यात लिहा. काम प्रत्यक्ष किती दिवस चाललं आणि फाइल किती दिवस टेबलावर होती, हे वेगवेगळं दिसेल. कागद सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत.

आता वेळापत्रक. पश्चिमेकडच्या तालुक्यांत पावसाळ्यात पाया खणता येत नाही. दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकते आणि कुटुंबंच्या कुटुंबं निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. तुम्ही जानेवारीत पाहणीला गेलात तर घरी म्हातारी माणसं आणि लहान मुलंच भेटतात, आणि पाण्याची, रेशनची, शाळेची सगळी गरज प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. होळीला माणसं परततात, तेव्हा जा. मोबाइलवर कोबो टूलबॉक्स या पाहणीच्या साधनात प्रश्नावली भरून घ्या, रेंज नसली तरी नोंदी साठतात.

तार्किक चौकट म्हणून जो तक्ता शिकवतात (उद्दिष्ट, परिणाम, निष्पत्ती, कृती, प्रत्येकापुढे निर्देशक, पडताळणीचं साधन आणि गृहीतक) तो या एका कामासाठी स्वतः भरा. बहुतेक जण गृहीतकांचा रकाना उरकून टाकतात. माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. ‘मे महिन्यात उद्भवाला पाणी राहील’ हे गृहीतक तिथे लिहिलं असतं तर वरची तूट आधीच दिसली असती.

दिंडोरी तालुक्यातला वाघाड सिंचन प्रकल्पही बघून या. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घेतलं आणि व्यवस्थापन हातात घेतलं. संस्थेची वसुली, पाणीवाटपाच्या पाळ्या आणि हिशेबाची वही बारकाईने पाहा.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र आणि आणंदची ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी इर्मा हे तुमच्यासाठी चांगले पर्याय. आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानावरचं ‘सितारा’ केंद्र उत्तम, पण तिथलं एम.टेक. बी.कॉम.वर मिळत नाही. नोकरी करत शिकायचं तर इग्नूचं ग्रामीण विकासातलं एम.ए. नाशिकमध्ये राहून करता येतं, त्यात प्रबंधही असतो. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपी प्रमाणपत्रासाठी काही वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा आत्ता त्यावर पैसे घालू नका. विकासक्षेत्रासाठीची ‘प्रोजेक्ट डीप्रो’ची मार्गदर्शिका फुकट मिळते, ती वाचा. परदेशी जायचंच असेल तर हे वर्ष झाल्यावर, दोन्ही गावांची तयार फाइल अर्जाला जोडून जा.