यंत्र ठेवा, चौकोनी ब्लॉक काढा

प्रश्न : काका, आमच्या आजोबांची कुडाळजवळ लाकडाची वखार होती. ती बंद होऊन वीस वर्षं झाली, पण पडवीत एक रंधा मशीन अजून उभं आहे. पूर्ण बिडाचं, अंगावर उठावाच्या अक्षरांत 'थॉमस रॉबिन्सन, रॉचडेल'. गेल्या दिवाळीत मोटर आणि पट्टा जोडून फिरवून पाहिलं, तर दहा मिनिटांत एका बाजूचं बेअरिंग हात लावता येईना इतकं तापलं. आत बॉल नाहीत, कसलातरी पांढुरका धातू आहे. गावातला मेकॅनिक म्हणतो, सगळं काढून बॉल बेअरिंग टाकू. भंगारवाला किलोवर न्यायला टपलाय. आई म्हणते, आजोबांची वस्तू विकू नकोस. मला फणसाच्या आणि सागाच्या फळ्या साफ करायला ते वापरायचंय. काय करू?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आईचं ऐका. पण पुन्हा वीज जोडण्याआधी माझंही एक ऐका. पट्टा उतरवा, दोन टेबलांच्या मधल्या फटीत बॅटरीचा उजेड टाका आणि पाती ज्यावर बसवली आहेत तो ब्लॉक हाताने सावकाश फिरवून पाहा. तो गोल आहे की चौकोनी?

तुमच्या वर्णनावरून मशीन बरंच जुनं वाटतं, त्यामुळे तो चौकोनी असण्याची शक्यता दाट आहे. चौकोनी ब्लॉकचे कोपरे फिरायला जागा लागते, म्हणून टेबलांमधली फट मोठी ठेवावी लागते. कोपरा पुढे गेला की सपाट बाजूवर खोल पोकळी उघडते. फळी सटकली आणि हात खाली गेला, तर बोटं त्या पोकळीत उतरतात आणि पुढचं पातं ती मुळापासून नेतं. गोल ब्लॉकमध्ये ही पोकळी जवळजवळ भरलेली असते. इजा तिथेही होते, पण बहुतेक वेळा शेंड्यावर निभावतं. इंग्लंडमध्ये १९२२ सालच्या नियमांनी हाताने फळी सरकवायच्या रंधा मशीनवर गोल ब्लॉक सक्तीचा केला. आपल्याकडे जुनी मशीनं वखारीवखारींतून तशीच चालत राहिली. मी कोल्हापुरात फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे घडवणाऱ्या विभागात, चौतीस वर्षं काढली. ज्या वस्तादांनी माझ्या हाती पहिली पटाशी दिली, त्यांच्या डाव्या हाताला दोनच बोटं धड होती. चहाचा कप ते उजव्या हातानेच उचलत, आणि आम्हा पोरांना त्या मशीनजवळ एकटं जाऊ देत नसत.

म्हणून माझं मत पक्कं आहे. बाकी सगळं जुनं ठेवा, चौकोनी ब्लॉक मात्र चालवू नका. बहुतेक मशीनांत ब्लॉक आणि शाफ्ट एकाच तुकड्यातले असतात. तो बाहेर काढून चांगल्या मशीन शॉपमध्ये न्या आणि त्याच मापाचा, गोल ब्लॉकचा, पाती पाचरीने आवळणारा नवा शाफ्ट बनवून घ्या. बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागाचा व्यास जुन्याइतकाच ठेवायला सांगा, म्हणजे बेअरिंगला धक्का लागणार नाही. बॅलन्सिंग करून घेतल्याशिवाय शाफ्ट ताब्यात घेऊ नका. पाती जोडीने सोनाराच्या काट्यावर तोला, दोन्ही सारख्या वजनाची हवीत. जुना ब्लॉक तेल लावून, कापडात गुंडाळून मशीनपाशीच जपून ठेवा.

आता तापण्याबद्दल. तो पांढुरका धातू म्हणजे व्हाइट मेटल. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट या अमेरिकन माणसाने या प्रकारच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, म्हणून त्याला बॅबिटही म्हणतात. चांगल्या प्रतीच्या व्हाइट मेटलमध्ये शंभरात ८८-८९ भाग कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं. हा धातू मऊ असतो, आणि तोच त्याचा गुण आहे. तेलात कचरा आला तर तो धातूत रुतून बसतो, शाफ्टवर ओरखडा येत नाही. नीट तेल मिळालं तर असं बेअरिंग पिढ्यान् पिढ्या चालतं, आणि आवाजही बॉल बेअरिंगपेक्षा कमी. बॉल बेअरिंग बसवायचं तर बिडाची मूळ घरं बोअर करावी लागतात. एकदा कापलेलं बीड परत येत नाही.

बहुतेक वेळा दोष धातूचा नसतोच. वीस वर्षांत तेलाच्या भोकात जुनं तेल आणि भुसा मिळून डांबरासारखा बोळा झालेला असतो. वरचं झाकण खोला आणि भोक व आतले चर रॉकेलने धुऊन काढा. झाकणाखाली पातळ पत्र्याचे किंवा कागदाचे तुकडे सापडतील, त्यांना शिम म्हणतात. ते कुठल्या बाजूचे किती, हे लिहून ठेवा. धातूला तडा नसेल आणि थर पुरेसा जाड असेल तर शाफ्टला निळा रंग अगदी पातळ लावून फिरवा, जिथे रंग उठेल ते उंचवटे स्क्रेपरने खरवडा. बेअरिंग सैल असेल तर दोन्ही बाजूंचा एकेक शिम कमी करा. झाकण आवळल्यावर शाफ्ट हाताने मोकळा फिरला पाहिजे. ग्रीस नको, मशीन ऑइल थेंबाथेंबाने. पट्टा किती ताणलाय तेही पाहा, अति ताणलेल्या पट्ट्याने चांगलं बेअरिंगसुद्धा तापतं. मग अर्धा तास रिकामं चालवा. कोमट लागलं तर ठीक, तळवा टेकवून ठेवता आला नाही तर लगेच बंद करा.

धातू फुटलाच असेल तर नव्याने ओतावा लागेल. ते काम जाणत्या ओताऱ्याकडूनच करून घ्या, आणि मी हे अंगावरच्या खुणेमुळे सांगतोय. पहिलं बेअरिंग मी भर श्रावणात ओतलं. कडा बंद करायला लावलेली माती वरून कोरडी दिसत होती, आत ओल होती. धातू आत जाताच त्या ओलीची वाफ झाली आणि सगळा धातू उसळून बाहेर आला. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजलं. त्यानंतर बेअरिंगचं घर आणि शाफ्ट दोन्ही तापवून शेवटची ओल उडवल्याशिवाय मी कधी ओतलं नाही. धातू चिकटू नये म्हणून शाफ्टवर काजळी धरायची. पातळ झालेल्या धातूत सुकी देवदाराची काडी बुडवायची : ती तपकिरी होऊन करपली तर धातू तयार, भपकन पेटली तर जास्त तापलाय. ओतायचं ते एका दमात, मध्ये थांबायचं नाही. जुन्या धातूत शिसं असू शकतं, म्हणून हे काम उघड्यावर, आणि घरातलं भांडं अजिबात वापरायचं नाही. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

वेगाचा हिशोब सोपा आहे. समजा, मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. मोटरवर १० इंची पुली आणि शाफ्टवर ४ इंची पुली असेल तर शाफ्ट ३६०० फेरे फिरेल. तुमच्या मशीनला एवढा वेग पुरे. मोठी पुली टाकून तो वाढवण्याच्या फंदात पडू नका.

प्रश्न : जुन्या सामानाच्या लिलावात ३० इंची चाकांचा वाडकिनचा बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीचं मशीन) पाहिला. घ्यावा का? घेताना काय तपासू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वाडकिन म्हणजे लेस्टरची कंपनी, १८९७ ची. माझं मन या नावाकडे थोडं झुकतं, कारण त्यांचं सुरुवातीचं नाव झालं ते पॅटर्नमेकरांसाठी बनवलेल्या मशीनवर. पण नावाकडे पाहून पैसे देऊ नका, चाकं पाहा. करवत उतरवायला सांगा आणि चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर छोट्या हातोडीने हलकेच टिचका मारा. धड बीड घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर बद्द आवाज येतो. एक आरा जरी बद्द वाजला किंवा त्यावर वेल्डिंग दिसलं, तरी सौदा सोडा. वेगात फुटलेलं चाक माणूस मारतं. रबर झिजलेलं असेल तर काळजी नको, ते नवं बसवता येतं. वरचं चाक खालीवर आणि तिरकं सरकतं का, हेही पाहा. शेवटचं म्हणजे, महाराष्ट्रात आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. तुमच्या कामाला तो लागू होतो का, हे पैसे देण्याआधी वन कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : इथे अमेरिकेत मी १९४० च्या सुमाराचा एक जॉइंटर, म्हणजे फळी सरळ करायचं रंधा मशीन, घेतलाय. मोटर थ्री फेज, घरी सिंगल फेज. पुढे तो साताऱ्याला आणायचा विचार आहे. मोटर बदलू का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बदलू नका. जुन्या जॉइंटरमध्ये अनेकदा मोटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) थेट ब्लॉकच्या शाफ्टवरच असतो, तिथे बाजारातली मोटर बसतच नाही. आधी मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासून घ्या. ते चांगलं असेल तर सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा आणि विजेचे हर्ट्झ बदलता येणारा व्हीएफडी लावा, मोटरच्या व्होल्टेजशी जुळणारा. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. साताऱ्यात थेट जोडलंत तर ३४५० फेऱ्यांची मोटर साधारण २८७५ फिरेल आणि व्होल्टेजही जुळणार नाही. साताऱ्याला व्हीएफडी आपल्या २३० व्होल्टवर चालणारा घ्या आणि त्यावर ६० हर्ट्झ लावा, म्हणजे वेग मूळचा राहील. पाठवताना पाती काढून वेगळी बांधा आणि टेबलांवर ग्रीसचा जाड थर देऊन मेणकागद चिकटवा. बोटीच्या प्रवासात खाऱ्या हवेचा गंज फार लवकर धरतो.