जुन्या घडणीचे बास्केटबॉल बूट घेताना काय पाहावे?
यवतमाळकडील गावातून रोज महाविद्यालयात जाण्यासाठी १९८० च्या दशकातील घडणीचे बास्केटबॉल बूट घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. दिसण्याचा प्रश्न सोपा आहे. नायकी कंपनीचा १९८२ चा एअर फोर्स वन किंवा १९८५ चा एअर जॉर्डन वन हा बूट साध्या जीन्सवरही शोभतो. खरी पारख मापाची करावी. उन्हाने व चालण्याने पाय संध्याकाळपर्यंत थोडे फुगतात, म्हणून जोडा त्याच वेळी, नेहमीचे मोजे घालून व उभे राहून पाहावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, टाच मात्र उचलली जाऊ नये. पंजा रुंद असेल (आपल्याकडे चपलेत वावरलेल्यांचा बहुधा असतोच) आणि बाजूने दाब जाणवत असेल, तर ‘चामडे सैल होईल’ या दुकानदाराच्या आश्वासनावर फार विसंबू नये, कारण चामडे किंचित सैलावते, पण आखूड जोडा लांब होत नाही. आजच्या धावण्याच्या बुटांपेक्षा यांचा तळ कडक आणि वजन जास्त असते. घोट्यापर्यंतचा उंच प्रकार मे महिन्यात नकोसा होतो, त्यामुळे ठेंगणाच घ्यावा. पावसाळ्यात काळ्या मातीतून चालायचे असल्यास पांढरा रंग मी तरी सुचवणार नाही.