बोलेरो पिकअपची पुढची ग्रिल घरी कापून तिथे जाळी बसवताय?
भावा, गाडीवरची ओरिजिनल ग्रिल कापू नकोस, भंगारवाल्याकडून जुनी आण आणि आधी तिच्यावर हात बसव. ग्रिल एबीएस प्लास्टिकची असेल तर १०० डिग्रीच्या आसपास मऊ पडते, म्हणून ग्राइंडर फुल स्पीडवर लावला की ती कापली जात नाही, वितळते आणि कापलेली फट मागून परत चिकटून बसते, माझी पहिली अशीच गेली. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घे, एका टोकाला कापड गुंडाळ, मास्किंग टेपवर रेघ मार, २ मिमी जास्तीचं ठेवून काप, उरलेलं कानशीने घास. कडेला १० मिमी तरी फ्रेम सोड, जाळी तिथेच चिकटणार. आणि जाळी मोठ्या भोकाचीच घे, घाटात लोड घेऊन चढताना रेडिएटरला हवा लागते रे. रंगाआधी प्लास्टिक प्रायमर मारच, नाहीतर पापुद्रे निघतात.